सावडीची सुटी



आज एक प्रश्न विचारतो. उत्तर मला देऊ नका, आपल्याच मनाला द्या. गेल्या वर्षभरात घरातली सगळी माणसे मिळून, काहीही काम नसताना, एक दिवस गावाबाहेर कधी गेला होता?

लग्नाला गेलो होतो, असे म्हणाल. ते काम झाले. तेरवीला गेलो, दवाखान्यात गेलो, बँकेत गेलो, पोराच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलो, हीही कामेच झाली. घरातली बाई माहेरी गेली, पण तिथेही भावाच्या घरी लग्नकार्य होते म्हणूनच. आपल्याकडे घराबाहेर पाऊल टाकायला कारण लागते. नुसते हसायला, फिरायला, पोरांना पाळण्यात बसवायला जातो म्हटले, तर ओट्यावरचा आबा लगेच विचारतो, "काय काम हाय तिकडे? उगा पैसा मोडाचा!"

आबांचा राग नाही. त्यांच्या पिढीने दुष्काळात दिवस काढले. पण आपण ज्याला काम म्हणतो त्यात घर एकत्र ठेवणे हेही काम मोडते की नाही, एवढाच आजचा विषय आहे. आणि त्यासाठी मी तुम्हाला आगगाडीत बसवून एका मोठ्या बागेत नेणार आहे.

बाग आणि आगगाडी

आगगाडी आणि करमणुकीची बाग ही जोडी जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात थॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टर गावाहून लॉफबरोपर्यंत एक खास गाडी ठरवली. अंतर आपल्या नांदुरा–शेगावसारखे, जवळचेच. भाडे एक शिलिंग. सुमारे पाचशे माणसे बसली. निमित्त होते दारूबंदीच्या सभेचे! कुकचे म्हणणे असे की, कष्टकरी माणसाला घटकाभर आनंदाची दुसरी जागा दाखवली, तर तो गुत्त्याकडे कमी वळेल. लोकांनी बागेत चहा घेतला, खेळ खेळले, भाषणे ऐकली आणि संध्याकाळी घरी परतले. पुढे याच कुकने सहलींची जगभर चालणारी पेढी उभी केली.

अमेरिकेत तर ट्रामवाल्या कंपन्यांनीच बागा काढल्या. आठवडाभर कामगारांनी भरून धावणाऱ्या गाड्या रविवारी रिकाम्या जायच्या. तेव्हा रुळाच्या शेवटच्या टोकाला पाळणे, तळे, बँडबाजा अशी जागा केली, की माणसे सुटीच्या दिवशीही तिकीट काढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पिट्सबर्ग शहराजवळची केनीवुड ही १८९८ सालची अशी बाग आजही चालू आहे. आणि जगातली सर्वांत नावाजलेली करमणूक-नगरी, डिस्नेलँड, १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडली, तेव्हा तिच्या सभोवार वाफेची आगगाडी फिरत होती. तिचा मालक वॉल्ट डिस्ने याला आगगाडीचे इतके वेड, की घरच्या परसात त्याने आधी लहान रूळ टाकून छोटे इंजिन चालवले होते.

आपल्या मुलखात रूळ आले ते मात्र करमणुकीसाठी नव्हे. मुंबईहून निघालेली लोहवाट १८६७ साली नागपूरला पोचली आणि जलंबहून खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो कापसासाठी. आपल्या वावरातला पांढरा कापूस गाठींत बांधून मुंबईच्या बंदरावर न्यायचा, तिथून विलायतेच्या गिरण्यांत. दीडशे वर्षे या रुळावरून वऱ्हाडाचा माल गेला. मग माल पिकवणाऱ्याने, त्याच्या बायकोने, त्याच्या लेकरांनी वर्षातून एक दिवस त्याच रुळावरून मौजेसाठी गेले, तर कोणाचे काय बिघडले?

वडनेर भोलजीहून शेगाव

उदाहरणाला वडनेर भोलजी घेऊ. जुन्या सहा नंबरच्या महामार्गावरचे गाव. एका हाताला मलकापूर, दुसऱ्या हाताला नांदुरा, आणि दोन्हीकडे रेल्वे स्टेशन. शेगावला जायचे तर नांदुऱ्याचे स्टेशन सोयीचे. जाताना महामार्गालगत एकशे पाच फूट उंचीचा हनुमान पोरांना दाखवा. दिवसाची सुरुवात मान वर करून होईल!

नांदुऱ्याहून गाडी निघाली की वाटेत जलंब लागते. तिथे खामगावचा फाटा फुटतो, तो पोरांना दाखवा, आणि तो कशासाठी घातला तेही सांगा. शाळेच्या पुस्तकातला इतिहास खिडकीतून दिसला की विसरत नाही. मग शेगाव.

शेगावला गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी प्रकटले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. पण संस्थानाने केलेले एक काम सहलीच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शिवशंकरभाऊ पाटील यांच्या कारकिर्दीत, संस्थानाने आनंद सागर उभे केले. दोनशे एकरांहून मोठा पसारा. मोठे तळे, तळ्याच्या मध्ये कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण करून देणारे ध्यानकेंद्र, निरनिराळ्या प्रांतांतल्या संतांचे पुतळे, मत्स्यालय, संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी, आणि या सगळ्यातून फिरणारी लहानशी आगगाडी. दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला शहरातल्या पोरासारखा एक दिवस मिळावा, आणि तोही मोठ्या शहराला न जाता, हे त्यातून साधले. ज्यांची पोरे त्या छोट्या गाडीत बसली, ती आज मोठी झाली तरी तिची आठवण काढतात.

पुढे काही वर्षे आनंद सागर लोकांसाठी बंद राहिले. शिवशंकरभाऊही ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. त्यानंतर ध्यान-अध्यात्माचा भाग भाविकांसाठी पुन्हा उघडला. म्हणून एक सांगणे : पूर्वीचे सगळे खेळ, कारंजी आणि छोटी गाडी आता असेलच, असे गृहीत धरून पोरांना कबूल करू नका. शेगावला कोणी ओळखीचे असेल त्याला आधी विचारा, काय उघडे, किती वाजेपर्यंत उघडे. पोरांना दिलेला शब्द मोडणे वाईट. छोटी गाडी असो नसो, खरी गाडी तर जाता-येता आहेच, आणि ज्या पोराने अजून आगगाडी आतून पाहिली नाही त्याला तिचेच अप्रूप जास्त.

आता एक नाजूक गोष्ट. शेगावला जाऊन दर्शन न घेता यायचे, हे आपल्या मनाला पटणार नाही, आणि पटू नये. पण गुरुवारी, एकादशीला, प्रकटदिनाच्या सुमारास रांग फार मोठी असते. अख्खा दिवस रांगेत गेला, की पोरांची सहल तिथेच संपली. म्हणून साधा दिवस निवडा. रांग मोठी दिसली तर मुखदर्शन घ्या, नाही तर कळसाला हात जोडा. महाराज रागावणार नाहीत. दुपारी मंदिरात महाप्रसाद मिळतो. पंगत कशी शिस्तीत बसते, ताट कसे स्वच्छ असते, सेवेकरी कसे नम्रपणे वाढतात, हे पोरांना मुद्दाम दाखवा. परतताना स्टेशनावर शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने याच स्टेशनावर ती सुरू केली. घरदार सोडून आलेल्या माणसांनी हाताच्या कसबावर गावाचे नाव देशभर नेले, ही गोष्ट कचोरीबरोबर सांगण्यासारखी आहे.

एस. टी. की आगगाडी?

कोणी म्हणेल, एस. टी. काय वाईट? वाईट मुळीच नाही. मार्च २०२३ पासून बायांना एस. टी. त अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना ती फुकट आहे. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद झाली. पैशाचाच हिशेब असेल तर घरात बाया-म्हातारी किती, पोरे किती, ते मोजून ठरवा.

तरी मी आगगाडीच्या बाजूने बोलतो, त्याला कारण आहे. गाडीत म्हातारीला पाय मोकळे करता येतात, लघवीची अडचण होत नाही, ज्या पोराला एस. टी. त मळमळते ते इथे उड्या मारते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे समोरासमोरचे बाक.

हे जरा ध्यानात घ्या. घरी आपण समोरासमोर बसतो कधी? आधी पुरुष जेवतात, मग पोरे, मग बाया, शेवटी सासू-सून काय उरले ते पाहून. संध्याकाळी एक टीव्हीकडे पाहतो, एक मोबाईलकडे, एक भिंतीकडे. गाडीच्या बाकावर मात्र बाप आणि लेक, सासू आणि सून, नवरा आणि बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात, आणि तिथून उठून कोठ्यात जायची सोय नसते. बोलणे आपसूक सुरू होते.

आपल्या भागात हे बोलणे किती मोलाचे आहे, ते मी सांगायला नको. ज्या घरातला माणूस सोसायटीचा आकडा, सावकाराचा निरोप, गेलेल्या पिकाचे दुःख एकट्याच्याच छातीत ठेवून फिरला, त्या घरांचे काय झाले हे वऱ्हाडाने पाहिले आहे. एका दिवसाच्या सहलीने कर्ज फिटत नाही. असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण हसलेल्या माणसाच्या तोंडून अवघड गोष्ट लवकर बाहेर पडते, आणि बायकोला आकडा कळला की तो आकडा दोघांत वाटला जातो. म्हणून "कर्ज आहे आणि सहल कसली?" असे जो म्हणतो, त्यालाच मी आधी गाडीत बसवीन. फक्त उसनवारी करून जाऊ नका. दुधाच्या दर हप्त्यातून थोडे बाजूला डब्यात टाका. डबा भरेल तेव्हा जा.

मग अडते कुठे?

खरे अडते ते कोठ्यात. बैलांना वैरण-पाणी कोण करील, म्हैस कोण पिळील, अंगणात वाळत घातलेल्या मालाकडे कोण पाहील? म्हणून दर वेळी एक माणूस मागे राहतो, आणि तो बहुधा एकच असतो. घरातली सून, नाही तर म्हातारी. दहा वेळा घर बाहेर गेले तर नऊ वेळा तीच मागे. तिला विचारले तर म्हणते, "मले नाही आवडत गर्दी." तिला आवडत नाही, की तिला कोणी कधी विचारलेच नाही, हे एकदा नीट पाहा.

यावर उपाय आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवला आहे. सावड! पेरणीला, निंदणीला आपण सावड करतो. आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. पैशाचा व्यवहार नाही. तीच रीत सुटीला लावा. या रविवारी शेजारचे घर शेगावला जाईल, त्यांच्या जनावरांना पाणी-वैरण तुम्ही करा, दूध काढून द्या. पुढच्या रविवारी तुम्ही जा, ते पाहतील. आळीत चार घरांनी असे ठरवले तर महिनाभरात चारही घरे फिरून येतात, आणि एकही माणूस मागे राहत नाही. म्हैस नव्या हाताला पान्हा सोडत नसेल, तर आधी चार दिवस शेजारणीला सोबत घेऊन पिळा. तीही ओळखू लागते.

दुसरी अडचण वेळेची. पोरांना सुटी दिवाळीत, आणि नेमकी तेव्हाच आपली घाई : सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी. उन्हाळ्यात सुटी मोठी, पण वऱ्हाडाच्या उन्हात म्हातारी-लेकरे बाहेर काढू नयेत. म्हणून दोन वेळा बऱ्या. एक, श्रावणात निंदण-डवरणी आटोपून पावसाने उघडीप दिली असेल तेव्हाचा रविवार. तेव्हा खिडकीबाहेर सगळे शिवार हिरवे असते. दुसरी, संक्रांतीनंतर हरभरा सोंगणीला यायच्या आधीची.

चार व्यवहाराच्या गोष्टी

तिकिटाचे पाहा. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही, पाच ते बाराला साध्या डब्यात अर्धे. पॅसेंजरचे तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही, तेव्हा कोणत्या गाडीने जाणार ते खिडकीवर स्पष्ट सांगा. जवळच्या प्रवासाचे साधे तिकीट काढल्यावर तीन तासांत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतले जे उशिराचे असेल तोवर निघावे लागते; म्हणून सकाळीच येण्या-जाण्याची दोन्ही तिकिटे घेऊन ठेवू नका. गाड्यांच्या वेळा बदलतात. आदल्या दिवशी १३९ या क्रमांकावर फोन करून विचारा, आणि परतीची शेवटची गाडी कोणती, हे घरून निघतानाच पक्के करा.

शिदोरीचे पाहा. सहल म्हणून घरातली बाई पहाटे तीनला उठून पन्नास पोळ्या लाटणार असेल, तर सुटी कोणाची झाली? दुपारचे जेवण प्रसादाचे आहे. सकाळपुरत्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आदल्या संध्याकाळी करून ठेवा. पाण्याच्या बाटल्या भरणे, तिकिटे काढणे, पोरांना आंघोळ घालणे ही कामे पुरुषांनी घ्यावीत. एका दिवसाने हात झिजत नाहीत.

पोरांचे पाहा. खाऊचे थोडे पैसे प्रत्येकाच्या हाती द्या आणि कशावर खर्च करायचे ते त्याचे त्यालाच ठरवू द्या. व्यवहार शिकायला याहून चांगली शाळा नाही. लहानग्याच्या खिशात बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. रूळ ओलांडून पलीकडे जाऊ नका, पुलावरूनच जा, मग गाडी चुकली तरी चालेल. चालत्या गाडीच्या दारात उभे राहून मोबाईलवर फोटो काढू देऊ नका. हे मात्र थोरल्या पोरांना दोनदा सांगा.

लांबच्या बागांविषयी

मुंबई-पुण्याला पोरगा नोकरीला असेल, तर तो म्हणेल, "बाबा, इकडे या, मोठा पार्क दाखवतो." मुंबईत गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि अवघ्या महाराष्ट्राने त्याची जाहिरात पाहिली, ते २०२२ साली बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली उघडले, ते चालू आहे. जरूर जा, पण तिकिटाचा भाव आधी विचारा. दोन-चार माणसांच्या तिकिटात कित्येक दिवसांची मजुरी जाते. शिवाय तिथले उंच पाळणे आजीसाठी नाहीत. आजी बाकावर पिशव्या सांभाळत बसणार असेल, तर ती सहल अर्ध्याच घराची झाली.

अकोल्याला कृषी विद्यापीठाची शिवारफेरी असते. तीही पाहावीच. पण तिला मी सुटी म्हणणार नाही. तिथे गेलो तरी आपण बियाण्याचा आणि बोंडअळीचाच विचार करणार. वर्षात एक दिवस असा असावा, की त्या दिवशी कापसाचा भाव कोणी काढायचा नाही.

खताला, बियाण्याला, फवारणीला आपण वहीत रकाना ठेवतो. यंदा त्याच वहीत एक रकाना वाढवा आणि त्यावर 'घराचा दिवस' असे लिहा. तारीख घाला. मग आजच संध्याकाळी शेजारच्या घरी जाऊन सावडीचे बोलणे करा. आधी त्यांना जाऊ द्या. म्हणजे तुमचे जाणे आपोआप पक्के होते. आणि निघण्याच्या दिवशी दाराला कुलूप लावण्याआधी एकदा मागे वळून पाहा, घरात कोणी उरले तर नाही ना?

कोणत्या घराशी सावड जमली, ते या पानाला जरूर कळवा.